सप्रेम भेट, पत्ता मागे आहे

तीर्थरूप दादास,

धाकटीचा वाकून नमस्कार. (खरं तर वाकता येत नाही, कंबर धरली आहे. का धरली ते पुढे येईलच.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनी गोळ्या वेळेवर देते ना? तू उत्तर देणार नाहीस हे ठाऊक आहे. तू सातवीत असताना न्हाव्याला घाबरून पलंगाखाली लपला होतास, हे मी माझ्या पुस्तकात पान त्रेचाळीसवर छापलं, ते तू कुणाच्या तरी प्रतीत वाचलंस आणि अबोला धरलास, त्याला आज तीन महिने झाले. निवृत्त मुख्याध्यापकाची अब्रू गेली, मान्य. पण पत्र वाचायला बोलावं लागत नाही, तेव्हा वाच.

तर सध्या पुस्तकं मी स्वतःच बांधून पाठवते. दुकानदार पाठवायला तयार होता, पण आपलं पुस्तक कुणाच्या घरी चाललंय ते आपल्याला कळायला नको? जेवणाच्या टेबलावर खाकी कागद, दोरा, कात्री असा पसारा असतो. तुझे मेव्हणे बिचारे ताट मांडीवर घेऊन जेवतात. त्यात चिकटपट्टीचं टोक म्हणजे नुसता छळ. आधी सापडत नाही, आणि सापडलं की उभं फाटत जातं. परवा मी माझाच चष्मा एका पार्सलात बांधला आणि तो शोधायला सात पार्सलं सोडली, तीही चष्म्याशिवाय. (आठवं टेबलाखाली गेलं होतं. कंबर तिथे धरली.) पण दादा, खरं सांगू? पत्ते लिहायला बसले की मला फार आनंद होतो. कुणी गिरणीच्या मागे राहतं, कुणी 'दवाखान्याच्या वर, बेल बंद आहे, हाक मारावी' असं कळवतं. आपणच त्यांचा जिना चढतोय असं वाटतं. पोस्टातल्या बाई तर मला लांबून पाहूनच वजनकाट्यावरचा आपला जेवणाचा डबा उचलून ठेवतात.

प्रत्येक प्रतीवर मी 'सप्रेम भेट' लिहिते. (विकत घेतलेल्या पुस्तकाला भेट कसली, असं तुझे मेव्हणे विचारतात. त्यांचं लक्ष नेहमी नको तिथे.) छापखान्याने काही प्रतींत पानं उलटी बांधली, म्हणून तक्रार करायला सोपं जावं यासाठी शेवटच्या पानावर घरचा पत्ता घालून पुढे, सहीखाली 'पत्ता मागे आहे' असंही लिहू लागले. झालं! मंगळवारी दारात एक आजोबा उभे, हातात माझं पुस्तक. घड्याळं दुरुस्त करायचे, आता डोळे साथ देत नाहीत म्हणून दुकान बंद केलंय. म्हणाले, तुम्ही बोलावलंत म्हणून आलो. मी कधी बोलावलं? त्यांनी पहिलं पान उघडून माझ्यापुढे धरलं. 'सप्रेम भेट. पत्ता मागे आहे.' दोन बस बदलून आले होते रे! मला हसू आवरेना. चूक सांगणार, तेवढ्यात खुर्चीत टेकता टेकता ते म्हणाले, "तुम्ही 'भेटा' नाही लिहिलंत, 'भेट' लिहिलंत. मला अरेतुरे करणारं आता कुणी राहिलं नाही. बरं वाटलं." मग काय सांगणार? मी गुपचूप चहा टाकला.

दोन तास बसले. आमचं भिंतीवरचं बंद घड्याळ नुसतं कानाला लावून चालू करून दिलं. निघताना त्यांनी एकच विचारलं, ते पलंगाखाली लपणारे दादा कसे आहेत? मजेत आहेत, असं मी म्हणाले. दादा, मी धडधडीत खोटं बोलले. तू कसा आहेस हे मला कुठे माहीत आहे?

वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी

ता. क. तुझी प्रत पहिल्याच दिवशी बांधली होती, त्यानंतर चार वेळा सोडली. एकदा ब्लेडने पान त्रेचाळीस कापूनही काढलं. पण त्याच्या पाठीवरचं चव्वेचाळीसही त्याबरोबर गेलं, आणि तू मला पोहायला शिकवलंस ते सगळं तिथे आहे. म्हणून पुन्हा चिकटवलं. (पट्टी वाकडी लागली आहे.)

आणखी एक. ती प्रत मी पोस्टात टाकणार नाही, येऊन घेऊन जा. वाचकांची पत्रं रोज येतात, सगळे मला 'आदरणीय' म्हणतात. 'गाढव कुठली' म्हणणारा तू एकटाच उरला आहेस. तेवढं म्हणायला तरी ये.