तीन वर्षं वजा

९ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पळता पळता तुझी ठकू मध्येच खाली का बसते, असं तू इथून निघताना विचारलंस. रुग्णालयात मी मुलांची फक्त मापं घेते. उभी उंची, बसून उंची, पसरलेले हात. बाकी सगळं डॉक्टर बघतात.

आज ठकूची मापं वाढीच्या तक्त्यावर मांडली. हातपाय वयाला साजेसे, धड तेवढं आखूड. रक्ततपासणीत निघालेला तिचा आजार जन्मजात आहे आणि फार थोड्या मुलांना होतो. त्यात पाठीचा कणा वाढायचा थांबतो. डॉक्टर म्हणाले, सहा वर्षांच्या मानाने उंची ठीक आहे, म्हणजे प्रकार सौम्य दिसतो, वर्षभराने बघू.

पण दादा, कागदावर सहा लिहिलंय आणि ठकूला तर नऊ पूर्ण झाली. लिहिताना कुणाची तरी चूक झाली असणार. तू कळवलंस की मी दुरुस्त करून घेते. वय चुकलं तर माझ्या मापांना काही अर्थच उरत नाही.

वहिनीला नमस्कार. ठकूचा गालगुच्चा घे. माझ्यावर आहे तशीच माया असू दे.

तुझी,
छोटी

१५ जुलै

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

घरातल्या पहिल्या पदवीधरीणबाईंचं पत्र मिळालं. अक्षर अजून कोंबडीचे पायच.

चूक कुणाची नाही. सहा मीच सांगितलं. दुकानात एका गिऱ्हाइकाची दाढी करत होतो, ठकू बाकावर बसली होती. केवढी झाली लेक, त्याने विचारलं. मी खरं सांगितलं. तर गालाला साबण तसाच ठेवून तो म्हणाला, बाकीची अर्धी कुठे ठेवलीस रे? सगळं दुकान हसलं. वस्तरा माझ्या हातात होता, छोटी. मी त्याची दाढी पुरी केली. पुढच्या गिऱ्हाइकापासून मी तीन वर्षं वजा करायला लागलो. मग घर बदललं, नवी शाळा आली, तिथेही तेच सांगितलं. डॉक्टरांपुढे तोंडातून तेच निघालं, आणि मग मागे घेववेना.

आता तिला कुणी हसत नाही. वर्गात तीच सगळ्यांत हुशार. हल्ली जरा आळशी झालीय, बटणंसुद्धा आईकडून लावून घेते, पेन्सिल सारखी पाडते. आत्यावर गेलीय, दुसरं काय.

डॉक्टर सौम्य म्हणाले ना, मग सौम्यच राहू दे. तू काही बोलू नकोस. एवढं माझं ऐक. जेवत जा वेळेवर.

तुझा,
दादा

२१ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मी तुझं ऐकलं नाही.

बटणांचं वाचलं आणि मला बसवेना. ठकू आळशी नाही रे. या आजारात मानेचे मणके सैल होतात, आतला मज्जारज्जू दाबला जातो. बोटांची पकड जाते, पाय लुळे पडतात. पळताना ती का बसते, हे मी त्याच दिवशी वर जाऊन डॉक्टरांना विचारलं, आणि तिचं खरं वय सांगितलं. नऊ वर्षांच्या जागी ठिपका मांडला तर तो तक्त्याच्या सगळ्या रेषांखाली गेला. तीन वर्षं वाढच नाही. डॉक्टरांनी मानेचा फोटो काढायला तिला लगेच आणायला सांगितलं.

तुमच्या शेजारी फोन करून वहिनीला ठकूसकट मीच बोलावलं. माहेरी जाते असं तुला सांगायलाही मीच लावलं. तिला बोल लावू नकोस. इथे आल्यापासून ती भिंतीकडे तोंड करून बसते.

मानेचा फोटो वाईट आला. गुरुवारी ऑपरेशन आहे. गेलेली ताकद परत येईल असं डॉक्टर म्हणत नाहीत, उरलेली राखायची. ती चालू शकेल का, मी विचारलं. त्यांनी हो म्हटलं नाही. त्या गिऱ्हाइकाच्या जिभेपासून तिला वाचवायला तू एवढं केलंस, ते मला कळतं. पण आपण तिला लपवलं ते डॉक्टरांपासूनच.

शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी ठकूला वय विचारलं. ठकूने आधी दाराकडे पाहिलं, तू आहेस का म्हणून. मग हळूच सहा म्हणाली.

दुकान बंद कर आणि ये. रागवायचं ते इथे समोर रागव, मी उभी राहीन. माया तुटली तर तुटू दे असं लिहायला हात धजत नाही. ठकूला मी आज भरती केलं. सही वहिनीने केली.

तुझी,
छोटी