अक्कलदाढेची बातमी

प्रिय ठोंब्यास,

तुझी अक्कलदाढ काढल्याची बातमी परवा तुझ्या आईने वाचून दाखवली. गाल सुजलाय, दोन दिवस नुसतं पातळ खातोयस, डॉक्टर मात्र भारी गप्पिष्ट निघाला, सगळं कळलं. काळजी घे. हे पत्र मी सांगतेय आणि तुझी आई लिहितेय, तेव्हा अक्षर सुरेख असेल; मजकुराची जबाबदारी माझी. तिला बजावलंय, मी बोलेन तसंच उतरव, मधे तुझं सौजन्य घालू नकोस. फोनवर मला तुझ्या आवाजाऐवजी नुसती खरखर ऐकू येते, म्हणून हा खटाटोप.

माझे गुडघे होते तिथेच आहेत. वरच्या मजल्यावरचे निवृत्त कंडक्टर अजून जिन्यात उभं राहून सगळ्यांना पुढे सरकायला सांगतात. आणि मागच्या बुधवारी, तुझी आई कामावर गेलेली असताना, तुझ्याबरोबर काम करणारी ती जाड चष्म्याची मुलगी येऊन गेली. हे तुझ्या आईला आत्ताच कळतंय. तिच्या भुवया वर गेल्यात, जाऊ देत. मुलगी गुणी आहे. तासभर बसली आणि माझ्या कानाशी येऊन ओरडून तुझं सगळं गुपित सांगितलं. म्हणजे आता ते अख्ख्या जिन्याला ठाऊक आहे.

मला समजलं ते असं. तुम्ही सगळे मिळून एक प्रोग्राम लिहिता, फुकट, ज्याला हवं त्याने उघडून बघावं असा. तो म्हणे माणूस आणि वेबसाइट यांच्या मधे उभा असतो. प्रॉक्सी. कुणी पान मागितलं की दरवेळी आत धावायला नको म्हणून त्याची एक प्रत जवळ ठेवतो. इथपर्यंत माझ्यासारखाच, पाय वाचवणारा. पण प्रत जुनी झाली की आत विचारून यायचं असतं. तू लिहिलेल्या चार ओळींमुळे झालं काय, की आतून उत्तर आलं नाही तर तो गुपचूप जुनीच प्रत ताजी म्हणून हातात ठेवायचा. एका दवाखान्याची वेळ बदलली, पानावर जुनीच दिसत राहिली, आणि एक म्हातारे गृहस्थ तीन दिवस बंद दारावर टकटक करून परत गेले. ते तुला फार लागलं.

पण चूक शोधलीस तूच, आणि दुरुस्तही तूच केलीस, हेही तिने सांगितलं. आता जुनी प्रत द्यायची वेळ आलीच, तर ही जुनी आहे असं तिच्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं, आणि आत पुन्हा पुन्हा विचारणंही चालू राहतं. कुठल्या कुठल्या देशांतल्या माणसांनी तपासून होकार भरला. तरी तू कुणाशी बोलत नाहीस, काम सोडतो म्हणतोस.

अरे, मी तीस वर्षं शाळेची घंटा वाजवली. अक्षरं नाही आली, पण काटे मला वाचता येतात. एकदा भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं आणि मी त्याच्याकडे विश्वासाने बघत बसले. चारशे पोरं तासभर जास्त डांबली गेली, फाटकापाशी आईबापांचा बाजार भरला. दुसऱ्या दिवशी वाटलं, तोंड कुठे लपवू? पण सकाळची घंटा कुणीतरी द्यायला हवीच होती. दिली. पोरांनी टाळ्या वाजवल्या, मेली!

आता हे पत्र कशासाठी ते ऐक. तुझी ती दाढ या वर्षात तीनदा निघाली. तीनदा तोच गाल सुजला, तोच डॉक्टर गप्पा मारून गेला. एवढी अक्कल तुझ्या तोंडात कधीपासून मावायला लागली? ज्याला वाचता येत नाही, त्याच्या कानात सगळं राहतं रे. तुझी पत्रं यायची थांबलीत, हे मला दुसऱ्या दाढेलाच कळलं; आता पाच महिने झाले. तुझ्या आईचा हात थांबलाय. लिही ग बाई, मी रागावलेली नाही. तू माझ्यासाठीच केलंस, कळतं मला. ठोंब्या, ती रोज तुला विचारते, तुझ्याकडून उत्तर येत नाही, मग जुनंच पत्र ताज्या आवाजात मला वाचून दाखवते. परवा मात्र गालाच्या सुजेपाशी तिचाच आवाज फुटला. तेव्हा आम्हा दोघींना आता नवीन काहीतरी पाठव. रडकं असलं तरी चालेल. काही सुचत नसेल तर सुचत नाही, एवढंच लिही, पण ते आजचं असू दे. चौथ्यांदा ती दाढ काढायची ताकद तुझ्या आईत उरलेली नाही.

तुझीच,
घंटावाली आजी