शताब्दीचे उड्डाण

अंधेरी, २४ सप्टेंबर १९८४

सौ. मृणालिनीस,
सप्रेम नमस्कार. तुला आशीर्वाद द्यायचा धीर मला कधीच झाला नाही.

मी मजेत आहे. खानावळीची आमटी गंगाजलाइतकी निर्मळ असते. आईंचे गुडघे कसे आहेत?

परवा बुधवारी आमच्या संस्थेचे संस्थापक, रसायनशास्त्रज्ञ कै. दातेसर यांची जन्मशताब्दी. त्यांच्या गोंदाने पंख जोडलेले आमचे छोटे विमान त्या दिवशी उडणार. सरांनी तो गोंद पुण्याच्या कोरड्या हवेत सिद्ध केला. इथली दमट हवा त्याला मानवत नाही. मी म्हटले, "कृती थोडी बदलू या." संचालक विद्याधरपंतांनी कानांवर हात ठेवले. "सरांची कृती म्हणजे वेद, जोशी! शताब्दीनंतर बघू." वेदांनी कोणी पंख चिकटवत नाही, हे मी मनातच म्हटले.

त्याच गोंदाने जोडलेली एक फळी सरांच्या तसबिरीखाली वजन लावून टांगली होती. आज सकाळी ती दुभंगून जमिनीवर पडली होती. शिपायाने तसबिरीचा हार बदलला, संचालकांनी फळी.

विमानात नोंदी घ्यायला मागच्या आसनावर मी आहे. माझ्या चष्म्याची काडी तू दोरा गुंडाळून डिंकाने चिकटवलीस, ती अजून शाबूत आहे. तोच चष्मा लावून बसेन.

हे पत्र तुला मिळेल तेव्हा बुधवार होऊन गेलेला असेल, म्हणून काळजी करू नकोस.

तुझाच,
नंदकुमार