माझी पेटी परत आणण्याबाबत

मी, श्रीमती माणिकबाई शरच्चंद्र पोतनीस, वय अठ्ठावन्न, निवृत्त गायनशिक्षिका, राहणार माधवनगर, उज्जैन, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. कोणाचा दबाव नाही असे लिहिण्याची पद्धत आहे. दबाव सगळ्यांचाच आहे. तो झुगारून लिहीत आहे.

मला गर्भाशयाचा कॅन्सर आहे. मुंबईला दोनदा रेडियम झाले. तिसऱ्यांदा नेले तर कदाचित चार-सहा महिने वाढतील, असे डॉक्टर म्हणतात. त्या ‘कदाचित’साठी माझा मुलगा जयंत हे घर गहाण टाकायला निघाला आहे.

१. या उपचारांपायी पुढची खोली भाडेकरूकडे गेली, ताटातले तूप गेले, नात मीना हिचे कॉलेज सुटले. वर सगळे माझ्याशी हसून बोलतात, याचा मला फार संताप येतो. महिने विकत घेणार तुम्ही, त्यात राहायचे मात्र मी. सरकारकडे मदत मागितली, तर ग्वाल्हेरवाले म्हणतात मध्य भारत संपला, भोपाळला लिहा. भोपाळवाले म्हणतात कागद ग्वाल्हेरलाच आहेत.

२. माझी पेटी दुरुस्तीला इंदूरला गेली आहे, असे मला दिवाळीपासून सांगतात. कॅन्सर माझ्या कानाला झालेला नाही. समोरच्या दुबेजींकडे रोज सकाळी वाजते ती माझीच. तिचा कोमल निषाद किंचित दबून बोलतो. तीस वर्षे मी तो सांभाळून घेतला. दुबेजींना बोलावून विचारले. खाली मान घालून म्हणाले, “बाईजी, जयंतबाबू खुद दे गए थे. बोले, माताजी को मत बताना.” जयंतला विचारले तर म्हणतो, “आई, पेटी फिर घेऊ. तू पहले ठीक तर हो.” ठीक होऊन मी काय वाजवणार होते, ताट?

माझ्या पाटल्या काल दुबेजींना दिल्या. पेटी आज येईल. माझ्यामागे ती मीनाची.

३. दीर बापू यांनी गहाणासाठी सावकार शोधून दिला, स्वतःच्या खिशाला मात्र हात लावला नाही. त्यांना इस्पितळाच्या सगळ्या पावत्या द्याव्यात. सवडीने वाचतील.

४. घर माझ्या नावावर होते. पण मृत्युपत्र मेल्यावर लागू होते, आणि तोवर जयंताचे रडणे बघून मी गहाणखतावर सही करीन, हे मला ठाऊक आहे. म्हणून सोमवारी टांग्याने रजिस्ट्री कचेरीत जाऊन घर सून कल्पना हिला बक्षीसपत्राने दिले. ती वाटभर रडली, पण गहाणखतावर सही करणार नाही. तिला मीनाला शिकवायचे आहे. तिला कोणी बोल लावू नये.

५. मुंबईला मी जाणार नाही. दुखणे थांबवणारे औषध इथल्या डॉक्टरांकडून आणावे, त्यात काटकसर नको. माझ्या भातावर तूप वाढावे. भाडेकरूला नोटीस द्यावी. पुढच्या खोलीत पेटी ठेवायची आहे.

मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. हे आज दिवेलागणीला जयंताने माझ्यासमोर मोठ्याने वाचावे. वाचता वाचता तो रडेल. मला ऐकू येणार नाही, मी वाजवत असेन.

सही : माणिकबाई शरच्चंद्र पोतनीस

साक्षीदार :
१. रामनारायण दुबे, माधवनगर (पेटी पहुँचा दी.)
२. श्रीकांत दिघे, वकील, देवास गेट

उज्जैन, २२ जानेवारी १९५८