उताराचं घर

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझ्या गुडघेदुखीला आणि भाऊजींच्या रागाला उतार पडला असेल अशी आशा करतो. (हे वाक्य भाऊजींना वाचून दाखवू नकोस.) आम्ही मजेत आहोत, म्हणजे मी आहे, तुझी भावजय गप्प आहे.

भाड्याचं घर सोडायला सांगितल्यापासून आम्ही विकतचं घर शोधतोय, हे तुला ठाऊक आहेच. त्यासाठी एजंट धरलाय. माणूस सज्जन, पण भाषा त्याची स्वतःची. 'आटोपशीर' म्हणजे दार उघडलं की कपाट उघडत नाही. 'शांत वस्ती' म्हणजे तिकडे बस फिरकत नाही. 'हवेशीर' म्हणजे खिडकीची काच फुटलेली. मी बांधकाम कुठल्या कॉलेजात शिकलेलो नाही. पुस्तकं आणून आणि गवंड्यांच्या डोक्यावर उभं राहून (त्यांना ते आवडत नसे) जे शिकलो, ते मला पुरतं. म्हणून घर बघायला जाताना मी टेप, बॅटरी आणि एक काचेची गोटी खिशात ठेवतो. गोटी फरशीवर ठेवायची. घरंगळली, तर फरशीला उतार, म्हणजे बांधणाऱ्याने नुसत्या पाट्या टाकल्या. एजंट बिचारा घरोघरी माझ्यामागे रांगतो. सुरुवातीला इस्त्रीची पँट घालून यायचा.

परवाचं घर ऐक. मालकीण एकटी म्हातारी, मुलीकडे राहायला चाललेली. सामान खोक्यांत भरून ठेवलेलं. तुझी भावजय सरळ स्वयंपाकघरात शिरली, ओट्याशी उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, इथे उजेड हातावर पडतोय. इतकी वर्षं मी माझ्याच सावलीत भाजी चिरतेय." मी म्हटलं, भावनेच्या भरात घर घ्यायचं नसतं, आणि मागच्या छोट्या खोलीत गोटी ठेवली. ती जी सुटली, ती थेट कोपऱ्यातल्या खोक्यांमागे! एजंट म्हणाला, "साहेब, ही खोली म्हणजे..." मी म्हटलं, "मला शिकवू नका. हे वाकडं घर फुकट दिलंत तरी नको." म्हातारीचा चेहरा पडला. एजंटाने पालथं पडून गोटी काढली आणि शर्टाला पुसून माझ्या हातात दिली. पुसून, ताई! जिन्यात तुझी भावजय एवढंच म्हणाली, "आता त्या गोटीशीच संसार करा." तेव्हापासून बोलणं बंद.

तरी तत्त्व ते तत्त्व. कळावे, लोभ आहेच, तो वाढला तरी चालेल.

तुझा,
धाकटा

ता. क. : ती खोली धुण्याभांड्याची होती. खोक्यांमागे पाणी जायची जाळी. तिथे उतार नसता तर मीच बांधणाऱ्याला नावं ठेवली असती. हे मला काल आंघोळ करताना, पाणी मोरीकडे जाताना बघून उमगलं. अजून कुणापाशी बोललेलो नाही.

आणखी एक ता. क. : त्या घराला दुसरं गिऱ्हाईक यायच्या आत एक कर. फोन करून मला झाड. "मुकाट्याने ते घर घे" म्हण. तुझा शब्द मी मोडत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. मी दोनेकदा "पण ताई" म्हणेन, तिकडे लक्ष देऊ नकोस. मोठ्याने बोल, फोन स्पीकरवर असेल.

वन्सं, नमस्कार. पाकिटाला डिंक लावायला ह्यांनी पत्र माझ्याकडेच दिलं, तेही खुणेनं. एजंटाला होकार मी त्याच दिवशी कळवलाय. तरी फोन कराच, आणि चांगलं सणसणीत झाडा. मी ऐकायला बसलेय.