उत्तम सोलाणं कसं निवडावं

२ फेब्रुवारी, सकाळ

रोजनिशी पुन्हा सुरू. या वेळी खंड पडणार नाही.

कारण गंभीर आहे. बायको काल बाथरूममध्ये घसरली. उजवं मनगट मोडलं. डॉक्टरांनी कोपरापर्यंत प्लास्टर घातलं आणि हाताला सक्तीची विश्रांती सांगितली. मग मला विचारलं, घरात स्वयंपाकाला कोणी आहे का? म्हटलं, मी आहे ना. बायकोने डॉक्टरांकडे नुसतं पाहिलं. त्यांनी दुखण्याची गोळी दिवसातून दोनदा होती ती तीनदा केली. योगायोग असावा.

तिची थोरली बहीण, म्हणजे आमच्या मेहुणीबाई, नवऱ्यासह हजर होत्याच. म्हणाल्या, प्लास्टर निघेपर्यंत हिला आमच्याकडे न्यायची. साडू मागून म्हणाले, तुम्हीसुद्धा या. पण हळू म्हणाले. मी ठाम नकार दिला. सगळी नोकरी कारखान्याच्या पर्चेस डिपार्टमेंटमध्ये काढलेल्या माणसाला दोन माणसांचं स्वयंपाकघर म्हणजे डाव्या हातचा मळ. बायको म्हणाली, डाव्या हाताची कामं सध्या माझ्याकडे आहेत.

मेहुणीबाईंनी आठवडाभराची मुदत दिली आहे. पुढच्या रविवारी जेवायला येणार. हिचं तोंड सुकलेलं दिसलं तर गाडीत घालून नेईन, म्हणाल्या.

संकल्प: दोन्ही वेळा ताजं, साधं, सकस. बाहेरचं काही नाही.

३ फेब्रुवारी, दुपार

बटाट्याची भाजी करायला घेतली. सुरुवातीलाच अडथळा. घरातलं सोलाणं भंगार निघालं. पातं डुगडुगतं, मुठीला दोरा गुंडाळलेला. बायको म्हणाली, ते जरा तिरकं धरायचं, अंगठ्याने पातं दाबायचं, मग झकास चालतं. मी म्हणालो, जी वस्तू वापरायला माणसाला तिरकं व्हावं लागतं, ती वस्तू बाद. केराच्या डब्यात टाकलं. तेवढ्यात कचरागाडी आली आणि घेऊनही गेली.

बायको रिकाम्या डब्याकडे बघत राहिली. निर्णयाचा वेग तिला आवडलेला दिसला.

मग सुरीने सोलले. बटाटे चांगले मुठीएवढे होते, सोलल्यावर सुपारीएवढे राहिले. बायकोने सालींच्या ढिगाकडे बघून विचारलं, भाजी यातल्या कशाची करायची आहे?

बटाट्यांची क्वालिटी पूर्वीची राहिली नाही.

रात्री ब्रेड आणि अंडी. (अंडं हाताने सोलता येतं.)

४ फेब्रुवारी

आज भांड्यांच्या दुकानात गेलो. लोक सोलाणं विकत घेतात, निवडत नाहीत. इथेच सगळा घोळ होतो. पातं स्टीलचं की चिनी मातीचं, सरळ की आडवं, गुळगुळीत की दातेरी, मूठ ओल्या हातातून सटकते का, बटाट्याचे डोळे काढायला टोक आहे का, हे सगळं बघावं लागतं. दुकानदाराला म्हणालो, सगळी दाखव. त्याने टोपलीच पुढे सरकवली. मी एकेक उजेडात धरून पाहिलं. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, काका, सोलाणं घेताय की घर?

अशा माणसांना मी नोकरीत असताना केबिनच्या दारातूनच परत पाठवत असे.

काही न घेता आलो. घाईची खरेदी आणि जन्मभराची कटकट. दुपारी केळी खाल्ली. केळ्याचं पॅकिंग अभ्यास करण्यासारखं आहे.

बायको म्हणाली, कुठलंही आणा हो, साल निघाल्याशी कारण. हीच वृत्ती देशोदेशीच्या कारखान्यांना नडते.

५ फेब्रुवारी

सॅम्पलशिवाय ट्रायल नाही, ट्रायलशिवाय ऑर्डर नाही. हा नियम मी कधी मोडला नाही. म्हणून खिशात एक गाजर, एक बटाटा आणि एक टोमॅटो घेऊन दुकानात गेलो. दुकानदार इतर गिऱ्हाइकांत अडकला होता. मी मागच्या फळीशी उभं राहून शांतपणे ट्रायल घेतल्या. गाजर संपूर्ण सोलून झालं. सालीवरून एका बाई थोड्याशा घसरल्या. पडल्या नाहीत. तरी बराच आवाज झाला.

दुकानदाराने माझ्या हातात झाडू दिला. झाडू उत्तम होता. कुठून मागवतो ते विचारून ठेवलं.

आडव्या पात्याचं एक घेतलं. खरं तर ज्यांची ट्रायल झाली ती सगळीच घ्यावी लागली, पण पसंती या आडव्याला आहे.

संध्याकाळी

आडवं सोलाणं चालत नाही. कितीही ओढलं तरी बटाट्यावरून नुसतं फिरतं, जसं काही मालिश करतंय. दुकानात भेसळ करून ठेवतात, ट्रायलला वेगळं, विकायला वेगळं. चार कडक वाक्यं तयार केली आणि बूट घालायला लागलो. बायको खुर्चीतूनच म्हणाली, अहो, उलटं धरलंय.

सुलटं धरलं. चाललं. पण जे उलटं-सुलटं कळत नाही ते डिझाइन कसलं? नापास.

६ फेब्रुवारी

सकाळी दातेरी सोलाण्याची कसोटी घेण्यासाठी टोमॅटो आणायला बाजारात गेलो. दातेरीला टोमॅटो पिकलेला पण घट्ट लागतो. असा मिळेपर्यंत सगळा बाजार फिरलो. परत आलो तर बायको ओट्याशी उभी. गाजर प्लास्टरने ओट्यावर दाबून धरलेलं आणि डाव्या हातात सुरी. मी ओरडलो. हाताला सक्तीची विश्रांती सांगितली आहे, कळत नाही का? ती म्हणाली, भूक लागली होती.

ऐकून वाईट वाटलं. तिच्या अधीरपणाचं.

ते गाजर मग आम्ही अर्धं अर्धं खाल्लं. सालीसकट बरं लागतं. दातेरीची कसोटी पुढे ढकलली.

७ फेब्रुवारी

दातेरीने टोमॅटो सोलला. साल, गर, रस, सगळंच सुटलं. चष्मा धुवावा लागला. नापास.

सरळ पात्याचं चालतं, पण मूठ अरुंद. हाताला वळ आला. नापास.

आशा आता फक्त चिनी मातीच्या पात्यावर. ते गंजत नाही, त्याची धार जात नाही, त्याने फळ काळं पडत नाही. सगळे गुण वेष्टनावर छापले आहेत. मी ते मोठ्याने वाचून दाखवले. बायकोला विचारलं, आणखी काय पाहिजे? ती म्हणाली, जेवण.

बाहेरून मागवलं. एकदाच. बायको भराभर जेवली आणि पुन्हा वाढून घेतलं. बाहेरच्या अन्नाची अशीच चटक लागते, म्हणून मी विरोधात असतो.

८ फेब्रुवारी

चिनी मातीचं हातातून सटकून फरशीवर पडलं. पातं दुभंगलं. धार मात्र गेली नव्हती.

काही हरकत नाही. रविवारसाठी माझी योजना तयार आहे. एकच सोलाणं सर्व भाज्यांना चालावं, ही अपेक्षाच मुळात चूक होती. प्रत्येक भाजीला तिचं सोलाणं. बटाट्याला आडवं, गाजर-काकडीला सरळ, टोमॅटोला दातेरी (चष्मा काढून). मेहुणीबाई बघतच राहतील.

बायको म्हणाली, सोपं काहीतरी करा, भात आणि आमटी पुरे. मी म्हणालो, ही वेळ माघार घ्यायची नाही. तिने बहिणीला फोन केला. दुसऱ्या खोलीत जाऊन. बाहेर आली तेव्हा तोंड खुललेलं दिसलं. तिला माझ्यावर विश्वास वाटू लागला आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी लवकर सुरुवात. काकड्या उत्तम. गाजरं उत्तम. बायको ओट्याशेजारी स्टुलावर बसून बघत होती. म्हणाली, हात बसला हो तुमचा. मी म्हणालो, हात नाही, निवड. हे सांगताना तिच्याकडे वळलो आणि आडवं सोलाणं अंगठ्यावरून गेलं.

साल अगदी पातळ निघाली. एवढं त्या सोलाण्याच्या बाजूने म्हणायला हवं.

रक्त बरंच आलं. बटाटे टाकून द्यावे लागले. पट्टी बांधायला बायकोचा डावा हात, माझा उजवा आणि माझे दात, असे तीन पक्ष लागले. पट्टीचं टोक दातात असल्यामुळे मला काही समजावून सांगता येईना. त्यात तिला हसू आलं. हसता हसता प्लास्टरवर डोकं टेकवून बसली. पडल्यापासून पहिल्यांदाच हसली. मग कधी डोळे पुसायला लागली ते कळलं नाही. म्हणाली, काही नाही, दमले.

त्याच वेळी बेल वाजली.

मेहुणीबाईंनी दारातूनच दोघांचे हात पाहिले. मग तिचं तोंड पाहिलं. साडूंनी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवलं, बाह्या सरसावल्या, दुसरे बटाटे काढून कुकरला लावले. शिट्ट्या झाल्यावर गार पाण्यात घातले आणि साली बोटांनी ओढून काढल्या. झबलं काढावं तशा. मी विचारलं, सोलाणं देऊ का? ते म्हणाले, कशाला?

साडू बँकेत होते. यंत्रसामग्रीशी संबंध नाही.

जेवण बरं झालं होतं. नंतर मेहुणीबाईंनी बॅग भरली. मी म्हणालो, मुदत आज संध्याकाळपर्यंत आहे. कोणी ऐकलं नाही. बायको गाडीत बसताना म्हणाली, गॅस आठवणीने बंद करत जा. मला वाटलं आणखी काही म्हणेल. तोपर्यंत काच वर गेली.

१० फेब्रुवारी

घरात शांतता. एका अर्थी बरंच झालं. आता मध्ये मध्ये कोणी जेवायला मागणार नाही, निवड नीट पार पाडता येईल.

बायकोचा फोन आला. अंगठा कसा आहे, जेवलात का? म्हटलं, जेवलो. काय केलंत? म्हटलं, फळं वगैरे, हलकं. ती म्हणाली, केळी ना? फोनवरून या बायकांना कसं कळतं, देव जाणे.

फ्रिजचा आवाज फार येतो. पूर्वी येत नसे. मेकॅनिकला बोलवायला हवं.

१२ फेब्रुवारी

यश!

दुकानदाराने मला येताना बघून टोपली आत नेऊन ठेवली होती. मी शांतपणे विचारलं, तुझ्या घरी कुठलं वापरता? त्याने गल्ल्याखालच्या खणातून एक काढून दिलं. जाड काळी मूठ, पातं आपलं आपण वळणारं. घरी येऊन बटाट्याला लावलं मात्र, साल एका दमात खाली. पारदर्शक. तिच्यातून वर्तमानपत्र वाचता आलं असतं.

थांबवेना. घरातले सगळे बटाटे सोलले. मग उरलेली गाजरं. मग सफरचंद. मग खाली जाऊन आणखी बटाटे आणले. अंगठ्याला धक्कासुद्धा नाही. मोठं पातेलं भरलं.

भरलेल्या पातेल्यासमोर जरा वेळ बसलो. पुढे काय करायचं ते ठरवलं नव्हतं. सोलून दिल्यानंतरचं सगळं बायको बघते. फोडी केवढ्या, तेल किती, मीठ आधी की नंतर. फोन करून विचारणार होतो. पण मग तिने विचारलं असतं, जेवलात का?

संध्याकाळी

बटाटे काळे पडले आहेत. सफरचंदही.

पर्चेसचं काम मी पार पाडलं आहे. उणीव प्रॉडक्शनमध्ये आहे. उद्या बायकोला घेऊनच येणार. मेहुणीबाईंना स्पष्ट सांगणार, परिस्थिती आता पूर्ण बदलली आहे. शब्दाचा पक्का माणूस आहे मी.

१३ फेब्रुवारी

गेलो. चांगला शर्ट घालून. सोलाणं खिशात होतं. मेहुणीबाईंसमोर भाषण सुरू केलं. दुसऱ्या वाक्याला त्यांनी विचारलं, तुमचं वजन उतरलं का हो? म्हटलं, मुद्दा तो नाही. त्या म्हणाल्या, आधी बसा, पान वाढलंय.

बसलो. मुद्दा जेवणानंतर मांडायचा ठरवलं. जेवल्यावर जरा आडवा झालो.

उठलो तेव्हा दिवे लागले होते. अंगावर पांघरूण होतं. बायको उशाशी खुर्चीत बसली होती. मी म्हणालो, चल, निघायचं. ती म्हणाली, अहो, राहा ना इथेच. मी आधी नाही म्हणालो. तिने पुन्हा म्हणावं म्हणून थांबलो. तिने पुन्हा म्हटलं.

१५ फेब्रुवारी, सकाळ

साडूंकडेच आहे. मुक्काम तात्पुरता.

आज मेहुणीबाईंनी मटारच्या शेंगांची पिशवी आम्हा दोघांपुढे ओतली. मी विचारलं, कशाने सोलायच्या? त्या म्हणाल्या, हाताने. मटारला काहीच लागत नाही.

बायको शेंग प्लास्टरखाली दाबून धरते आणि डाव्या हाताने फोडते. तिची वाटी भरली. माझी तळाला, कारण मी प्रत्येक दाणा बघून घेतो. मेहुणीबाईंची चाहूल लागली तशी तिने तिच्या वाटीतले दाणे ओंजळीने माझ्या वाटीत टाकले.

मेहुणीबाई बघून म्हणाल्या, अरे वा, जमतंय की तुम्हाला. उद्याही तुम्हीच करा.

मटारचं डिपार्टमेंट आता माझ्याकडे आहे.