माझ्या थर्मलवर सगळ्यांचा डोळा

७ मे, बुधवार. संध्याकाळी ६.

पोचलो. स्पर्धा उद्यापासून, पाच दिवस. डोंगरावरून हँगग्लायडर घेऊन उडायचं आणि ठरवून दिलेल्या खुणांवरून वळत दूरच्या मैदानात उतरायचं. इंजिन नाही. फक्त हवा आणि अक्कल. (हे सगळं मला माहीत आहेच. पुढेमागे आठवणी लिहायच्या झाल्या तर सोपं पडावं म्हणून लिहितोय.)

एक्केचाळीस स्पर्धक. माझा नंबर एक्केचाळीस. फॉर्म मी सगळ्यांच्या आधी भरला होता, मग नंबर शेवटचा कसा? बायको म्हणाली, भरलात आधी, पाठवलात शेवटच्या दिवशी. ते गौण आहे.

मी लिफ्ट-तपासनीस. एकोणीस वर्षं झाली. लोखंडी दोर वरून धडधाकट दिसला तरी आतून कुठे तुटतोय ते शोधायचं, हे माझं काम. माणसांनाही तेच लावतो. म्हणून फसत नाही.

बायको गाडी घेऊन खालून मागे येणार आणि मी उतरेन तिथून मला उचलणार. ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवते. घरीसुद्धा 'आता हळूच ब्रेक' अशा आवाजात बोलते.

शेजारच्या खोलीत एक रिटायर्ड ड्रॉइंग मास्तर उतरलेत. तेही स्पर्धक. आल्याआल्या माझी बॅग वर आणून दिली. का?

संकल्प: पहिल्या दहात यायचं. कोणाला काही सांगायचं नाही.

८ मे, गुरुवार. संध्याकाळी ७.

आजचं अंतर चौसष्ट किलोमीटर. मी केलं नऊ.

कारणं नोंदवतो. कड्यावर मी पळत सुटायच्या बेतात होतो, तेवढ्यात मागून मास्तर ओरडले, "अहो, अडकवलंत का?" म्हणजे अंगातला पट्टा ग्लायडरला अडकवला का. मी म्हटलं, अर्थात. बघितलं तर नव्हता. तसाच पळालो असतो तर ग्लायडर एकीकडे आणि मी दरीत. मास्तरांनी स्वतः हुक लावला आणि दोनदा ओढून बघितला.

सगळे म्हणतायत, मास्तरांनी वाचवलं. पण त्यांना दिसलं कसं, हे कोणी विचारत नाही. म्हणजे चाळीस माणसं सोडून ते माझ्याकडेच बघत होते. शिवाय हुक मी लावल्याचं मला आठवतंय. मग काढला कोणी?

या विचारात उडण्याकडे लक्ष लागलं नाही. मक्याच्या शेतात उतरलो. एकोणचाळिसावा नंबर. उरलेले दोघे उडालेच नव्हते.

बायको म्हणाली, उद्या हुक मी बघू का? मी नाही म्हटलं. तिने तरी बघायचं ठरवलेलं दिसतंय.

९ मे, शुक्रवार. दुपारी ४.३०.

पुरावा मिळाला.

सव्वाबारा वाजता मला थर्मल सापडला. तापलेल्या जमिनीवरून हवेचा खांब वर उठतो, तो थर्मल. त्यात गोल फिरत राहिलं की माणूस वर जातो. व्हेरिओ नावाचं यंत्र टिटिट करून सांगतं की वर चाललायत. माझा व्हेरिओ टिटिट करत होता. मी उजवीकडून फिरत होतो. एवढ्यात दाढीवाला आला.

हा दाढीवाला तीन वर्षं चँपियन. खालून घुसला आणि डावीकडून फिरायला लागला. पाठोपाठ आणखी सहा जण, सगळे डावीकडून. सगळे माझ्याकडे बघून हात हलवत होते. म्हणजे थर्मल माझा, शोधला मी, आणि हात हलवून मलाच बाहेर काढतात! दाढीवाला तर एकदा इतका जवळ आला की त्याचे दात दिसले.

मग एकजण सोडून बाकी सगळे पुढे निघून गेले. मी मुद्दाम मागे थांबलो. त्यांना माझा बेत कळू नये म्हणून. चौदा किलोमीटर.

परत आल्याआल्या स्पर्धेच्या डायरेक्टर बाईंकडे लेखी तक्रार दिली. या बाई पूर्वी स्वतः उडायच्या. आता गळ्यात शिट्टी आणि हातात काठी. तक्रार उभ्या उभ्या वाचली. म्हणाल्या, "थर्मलवर नाव घालता येत नाही. आणि एकाने डावीकडून सुरुवात केली असेल तर सगळ्यांनी डावीकडून फिरायचं, नाहीतर समोरासमोर धडकाल. दाढीवाला तुमच्या आधी चार मिनिटं तिथे होता."

होता, तर मला दिसला का नाही? लपला होता.

१० मे, शनिवार. सकाळी ११.

वारा जास्त. आजचं उड्डाण रद्द. मला चाललं असतं.

दुपारी १.

कँटीनमध्ये गेलो. एका टेबलावर मास्तर, दाढीवाला, डायरेक्टर बाई आणि माझी बायको. बायको हसत होती. मी जवळ गेल्यावर सगळे गप्प. मास्तरांनी घाईघाईने हवामानाचा विषय काढला. हवामान खिडकीतून सगळ्यांनाच दिसत होतं.

टेबलावर एक कागद होता, त्यावर नावं आणि वेळा. बाईंनी त्यावर कोपर ठेवलं.

खोलीवर आल्यावर बायकोला सरळ विचारलं. ती म्हणाली, "उगाच डोकं चालवू नका. झोपा जरा." काही लपवायचं नसतं तर माणूस झोपा का म्हणेल?

संकल्प: यापुढे माझा मार्ग बायकोलाही खरा सांगायचा नाही.

११ मे, रविवार. संध्याकाळी ६.३०.

बायकोला सांगितलं, मी नदीच्या बाजूने जाणार. गेलो टेकड्यांच्या बाजूने. अकरा किलोमीटर. तिथे एका कुंपणाच्या आत उतरलो. कुंपणात एक बैल होता. ग्लायडरच्या पंखाखाली तीन तास बसलो. बैल पंखाची सावली सोडायला तयार नव्हता, आणि मीही.

बायको आली तेव्हा म्हणाली, नदीकाठची सगळी गावं पालथी घातली. गाडीत तो 'हळूच ब्रेक'वाला आवाजसुद्धा नाही.

मला वाईट वाटणार होतं. पण त्याआधी महत्त्वाचं लिहितो. आज वर असताना रेडिओवर डायरेक्टर बाईंचा आवाज आला: "एक्केचाळीसवर लक्ष ठेवा. आता कोणाची पाळी आहे?" आणि दाढीवाला म्हणाला, "माझी. दिसतोय मला."

शब्द जसेच्या तसे. आता कोणी मला संशयी म्हणून दाखवावं.

उद्या शेवटचा दिवस. उद्या रेडिओ बंद. फोनपण बंद, त्यावरूनही माग काढता येतो.

१२ मे, सोमवार. सकाळी ९.४०.

एकाहत्तर किलोमीटर. शेवट एका शाळेच्या मैदानात. मीटिंगमध्ये बाई ढग, फुली वगैरे काहीतरी सांगत होत्या. मी तेव्हा दाढीवाल्याच्या नकाशात बघत होतो.

दुपारी २.४५. शाळेचं मैदान.

पोचलो! एकाहत्तर किलोमीटर! मी पहिला!!

हात अजून गार आहेत, अक्षर तिरकं येतंय. क्रमाने लिहितो. सव्वाबाराला उडालो. एक वाजल्यानंतर मागे बघितलं तर सगळे खाली उतरायला लागलेले. दमले. पहिल्या खुणेपाशी जमिनीवर पांढऱ्या कापडाची मोठी फुली अंथरलेली होती. मला फसवायला. दाढीवाला एकटा बराच वेळ मागे येत होता, पंख हलवत होता. मी वेग वाढवला. मग तोही दिसेनासा झाला.

आज हवा पूर्ण माझ्या बाजूने. फिरावंसुद्धा लागलं नाही, सरळ जात होतो तरी व्हेरिओ ओरडत होता. वर मोठा काळा ढग. त्याच्या खालून जाताना चित्त अगदी स्थिर. थोड्या गारा. तंत्र उत्तम.

इथे चुन्याची रेघ आहे, एक टेबल आहे, त्यावर उलट्या ठेवलेल्या खुर्च्या. स्वागताला कोणी नाही. एवढ्या लवकर कोणी येईल असं त्यांना वाटलं नसणार.

३.३०. दुसरा स्पर्धक अजून दिसत नाही. फारच अंतर पडलं असावं.

४.१५. पाऊस. शाळेच्या व्हरांड्यात आलो. दुसरा अजून नाही.

५.००. फोन चालू केला. चौसष्ट मिस्ड कॉल. बहुधा अभिनंदनाचे.

५.५०. गाडी आली.

१३ मे, मंगळवार. सकाळी १०. खोली.

काल पुढचं लिहिलं नाही. आता लिहितो.

गाडीतून बायको आणि मास्तर उतरले. दोघं गुडघ्यापर्यंत चिखलात. मी म्हटलं, पहिला आलो. बायको व्हरांड्याच्या पायरीवर बसली आणि तोंडावर पदर धरून रडली. अठरा वर्षांत तिला असं रडताना मी पाहिलं नव्हतं. मास्तर ग्लायडरच्या पट्ट्या काढायला लागले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "एक वाजून दहा मिनिटांनी रद्द केलं हो, ती फुली त्याचीच होती. वादळ येत होतं. चार तास डोंगरात शोधतोय तुम्हाला."

मी विचारलं, इथे का नाही बघितलं? मास्तर म्हणाले, इथे बघायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

आज निकाल लागला. कालचा दिवस सगळ्यांसाठी शून्य. एकूण निकालात मी एक्केचाळिसावा. पहिल्या दिवशी न उडालेले ते दोघे पुढच्या दिवसांत उडाले होते.

तो पाळीचा कागद बाईंनी दाखवला. पहिल्या दिवशी हुक राहिला तेव्हापासून सातजण आळीपाळीने माझ्या मागेपुढे उडत होते. मला बाहेर काढायला नाही, समोरून कोणी धडकू नये म्हणून. कल्पना बायकोची नव्हती. तिने फक्त सगळ्यांचे आभार मानले होते, आणि मला सांगू नका म्हणाली होती, कारण मला ते आवडणार नाही. माझ्या पाळतीवर माणसं आहेत, हे मात्र मी पहिल्यापासून म्हणत होतो. ते खरं निघालं.

दाढीवाला काल माझ्या मागे ढगापर्यंत आला होता. परत वळताना वाऱ्याने आपटला. मनगट मोडलं. कप त्यालाच मिळाला, डाव्या हाताने घेतला.

त्याला भेटायला गेलो. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो. तो प्लास्टरवर बर्फाची पिशवी धरून बसला होता. मी सॉरी म्हणायच्या आधी त्यानेच विचारलं, "त्या ढगाखाली कसं होतं हो? मी कधी इतका आत गेलो नाही."

मी म्हटलं, भारी. उत्तम.

त्याने डाव्या हाताने खुर्ची माझ्याकडे सरकवली.

मग मी सांगितलं. ग्लायडरचा दांडा गुडघ्यापर्यंत ओढून धरला होता तरी खाली येता येत नव्हतं. सगळं पांढरं झालं. गारांनी व्हेरिओ बंद पडला. त्यानंतर मी डोळे मिटून घेतले आणि बायकोला हाका मारत होतो. किती वेळ ते माहीत नाही. डोळे उघडले तेव्हा समोर शाळा होती.

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. काल इथेही लिहिलं नव्हतं.